देवाची पपनसं

प्रिय अँड्र्यूदादा,

पपांचे पाय सायकलमुळे दुखतात, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक होतं. सायकल केव्हाची भिंतीला टेकून आहे आणि दुखणं वाढतंच आहे. चुकीचं लिहिलं तर लिहूनच दुरुस्त करावं, हे शाळेच्या आधी पपांनीच मला शिकवलं.

सुगीच्या सणाला चर्चमध्ये अर्पणाच्या फळांचा लिलाव झाला. आईनं लावलेल्या झाडाची पपनसं आपणच वाहिली होती, आणि पपांनी बोली लावून पोतंभर परत आणली. शेजारचे सूर्यभानकाका हसले, "मास्तर, घरचंच इकत घेता व्हय?" पपा म्हणाले, "आता ती घरची नाहीत, देवाची आहेत." देवाचं वाया घालवायचं नाही, म्हणून रोज जेवणानंतर अख्खं पपनस आणि त्यावर कोलेस्टेरॉलची गोळी. सोलून मीच देत होते.

काल त्यांना प्रार्थनेला गुडघे टेकता आले नाहीत. मी अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन केला. पपनसाचं नाव काढताच त्यांनी मला मध्येच थांबवलं. या गोळीबरोबर पपनस चालत नाही, म्हणाले. औषध रक्तात जास्त चढतं, स्नायूंना इजा होते, फार झालं तर मूत्रपिंडावर जातं. फळ बंद. रक्त तपासेपर्यंत गोळीही थांबवा, मग दुसरी देतो. लघवी काळपट दिसली तर मात्र तासभरही थांबू नका. तेव्हापासून पपा मोरीकडे जाऊन आले, की लघवीचा रंग कसा होता, ते मी दारातच विचारते.

उरलेली फळं मी पलीकडच्या घरातल्या जहिराभाभीकडे दिली. पपांना खरं सांगितलं तर म्हणाले, "फळ देवानं दिलं, गोळी कंपनीनं. चूक कुणाची, तूच सांग! गोळी सुटली, बरं झालं." दादा, आईनंही बीपीची गोळी अशीच सोडली होती. दोनच दिवस, म्हणाली होती, आणि त्यातच ती गेली.

फोनवर हे सांगायला गेले की मला रडू फुटतं, म्हणून आज तुझ्याकडे सुप्याला निघालेल्या सूर्यभानकाकांच्या टेम्पोतून हे पत्र पाठवते. माझ्याबरोबर पपा रिक्षात बसणार नाहीत. तुझ्यापुढे त्यांचा हट्ट चालत नाही. रजा काढून ये. दुसरी गोळी घेईन, असं डॉक्टरांसमोर तुला त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचंय. तू नाही आलास, तरी मी त्यांना श्रीरामपूरला डॉक्टरांकडे नेणारच, उद्या सकाळी, सोमवारी, सतरा नोव्हेंबरला.

तुझीच, फार घाबरलेली
रेबेका