फोटोत राहिलेला खांदा

५ जानेवारी २००८, सकाळ

आजपासून रोज एक फोटो. ठरलं म्हणजे ठरलं.

दिवाळीची सुट्टी संपवून पुण्याला परत जाताना ज्ञानेशने कॉम्प्युटरवर ऑर्कुट काढून दिलं. म्हणाला, आई, तुझा वेळ जाईल. मी म्हटलं, मला ऑफिस आहे, घर आहे, वाचन आहे, वेळ पुरत नाही. तरी पोराचं मन मोडू नये म्हणून दोन महिने रोज बघते आहे. पण नुसतं बघण्यात मजा नाही. लोक फोटो टाकतात, बाकीचे छान म्हणतात, मग तेही परत छान म्हणतात. आपण आपले खिडकीतून वरात बघतोय. यंदा वरातीत शिरायचं.

पहिला फोटो, गोजराबाईची फुलांची पाटी. ती मखमलाबादहून येऊन आमच्या गेटशी बसते. भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोला रोजचा हार तिच्याकडूनच घेते. मी कॅमेरा काढल्यावर म्हणाली, बाई, फोटूला काय वास येतो का? फुलं घ्या ना त्यापेक्षा.

तिला यातलं कळायचं नाही.

६ जानेवारी

पाटीच्या फोटोला कोणी काही लिहिलेलं नाही. रविवार आहे. लोक बाहेर गेले असतील.

७ जानेवारी

सोमवार. लोक कामात असतील.

८ जानेवारी, संध्याकाळ

माझी चूक माझ्या लक्षात आली. शेजारणीकडून भांडं आलं तर आपण ते रिकामं परत पाठवत नाही. पण आधी कोणाचं तरी भांडं जावं लागतं. मी कोणाकडेच काही पाठवलेलं नाही.

म्हणून आज 'आम्ही नाशिककर' या कम्युनिटीत जाऊन दिसेल त्या फोटोखाली लिहीत सुटले, 'छान! असेच हसत राहा.' बारसं, साखरपुडा, नवी मोटरसायकल, सगळ्यांना. एका मिसळीच्या ताटालाही असेच हसत राहा लिहून झालं. हरकत नाही, भावना पोचते.

९ जानेवारी

पहिलं उत्तर आलं! सिन्नरचा समाधान नावाचा मुलगा. लिहितो, काकू, आजोबा परवा गेले.

फोटो अगदी नखाएवढा दिसतो. त्यात हार दिसलाच नाही. मी लगेच माफी मागितली. त्याने लिहिलं, इट्स ओके काकू, आजोबा हसरेच होते.

गुणी मुलगा. काहीही असो, ओळख झाली.

११ जानेवारी

प्रोफाइल पुरं केलं. आवडी: वाचन, प्रवास, माणसं. (प्रवास पुढे करणारच आहे.)

लग्नाविषयी विचारतात. सिंगल, मॅरिड, कमिटेड आणि आणखी दोनतीन भलतेच प्रकार आहेत, त्यांचा अर्थ ज्ञानेशला विचारणार होते, मग नको वाटलं. नवरा गेलेल्या बाईसाठी त्यात काहीच नाही. आता हा काही माझा दोष नाही. मॅरिडवर टिचकी मारली. लग्न झालंच होतं की.

१३ जानेवारी

समोरच्या फ्लॅटमधल्या संपदाने आज मुलीला हळदीकुंकवाचं सांगायला पाठवलं. पोरगी वरून खाली प्रत्येक बेल वाजवत आली. आमच्या दाराशी पावलं हळू झाली, मग जिना उतरून गेली. मी दारामागे होते, पण सहज. चपला आवरत होते.

हे जाऊन येत्या एप्रिलमध्ये दोन वर्षं होतील. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये मला कोणी बोलावत नाही. एरवी सगळ्या गोड बोलतात. माझी भाजी निवडून देतील इतक्या गोड. वाईट वाटायचा प्रश्नच नाही, मला हळदीकुंकवाची आवडच नव्हती कधी. तेच तीळगूळ, तीच बोरं, तेच वाणाचे प्लॅस्टिकचे डबे. डबे चांगले निघाले ते सोडा. अजून वापरते.

मला घोळका नकोच आहे. एक मैत्रीण झाली तरी पुरे. 'साधना, ये गं आमच्याकडे' असं म्हणणारी एक. ती ऑर्कुटवर नक्की मिळेल. तिथे कोणी कपाळ बघत नाही.

१५ जानेवारी, संक्रांत

आज धमाल!

तिळाच्या लाडवांचा फोटो टाकलाच, शिवाय चोवीस वर्षांपूर्वीचा, माझ्या पहिल्या संक्रांतीचा. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, नाकापर्यंत आलेली हलव्याची बिंदी. कॉलेज रोडच्या स्टुडिओतून स्कॅन करून आणला. शेजारी हे होते. त्यांना कापावं लागलं, कारण फोटो फार रुंद होत होता. ह्यांचा खांदा मात्र राहिला. तो कापायला गेले तर माझा हात जात होता.

आणि काय सांगू, दुपारपर्यंत बायकाच बायका! किती गोड, कुठली गं तू, हलवा घरी केला होता का. बहुतेक सगळ्या दुबई नाहीतर टोरांटोच्या. पण एक नाशिकरोडची निघाली, इंदिरा. माझ्याच वयाची. तिने लिहिलं, सगळं छान, पण हा खांदा कोणाचा?? पुढे डोळा मारणारं तोंड.

मी लिहिलं, ओळख पाहू!

संध्याकाळी संपदाकडे बायकांच्या चपला पार जिन्यापर्यंत आल्या होत्या. मला दूध आणायला त्यातूनच वाट काढावी लागली. संपदा दारात होती. म्हणाली, साधनाताई, उद्या तीळगूळ पाठवते हं मुलीच्या हातून. मी म्हटलं, सावकाश, मी आत्ता जरा ऑनलाइन आहे. बघतच राहिली.

१८ जानेवारी

इंदिराचा रोज एक स्क्रॅप, म्हणजे ऑर्कुटवरची चिठ्ठी. मी दोन करते, म्हणजे भांडं रिकामं जात नाही. तिला कळलं खांदा कोणाचा ते. विचारते, मिस्टर काय करतात?

मी लिहिलं, बाहेरगावी असतात.

यात खोटं काही नाही. गावात नाहीतच.

२१ जानेवारी

दुपारी दोन ते पाच लाइट नाही. पुन्हा रात्री पण नाही. इंदिराला वाटेल, मी रुसले. लाइट येताच पाच स्क्रॅप टाकले. तिने लिहिलं, अगं हो हो, श्वास घे!

किती आपलेपणा.

२४ जानेवारी

इंदिरा येणार!! खरीखुरी!

तिचाच स्क्रॅप उतरवून ठेवते: 'कॉम्प्युटरवर किती दिवस तीळगूळ खायचा? प्रत्यक्ष कुंकू लावू की. तीन तारखेच्या रविवारी येते तुझ्याकडे, मिस्टर सोडतील. मग तू माझ्याकडे रथसप्तमीला. आमच्याकडे अख्खी कॉलनी येते. तुला सगळ्यांना दाखवते.'

तुला सगळ्यांना दाखवते!

ज्ञानेशला फोन केला. म्हणाला, आई, तिला बाबांचं सांगितलंयस ना? मी म्हटलं, तुझा आवाज कापला जातोय. ठेवला.

२८ जानेवारी

वाण आणलं, छोट्या फोटो फ्रेमा. अर्धा डझन, कारण दुकानदार सुट्या देत नव्हता आणि पुढच्या वर्षी लागतीलच. कुंकूही नवीन घेतलं. मोठी पुडी. दुकानदार म्हणाला, लग्न काढलं वाटतं वहिनी? मी नुसती हसले.

टिकली मी ऑफिसला लावतेच. कुंकवाचं वेगळं असतं, असं म्हणतात. म्हणोत.

मंगळसूत्राचं विचारलं तर, पॉलिशला दिलंय.

२ फेब्रुवारी

भिंतीवरच्या फोटोचं काय करायचं?

पहिला बेत, तासाभरासाठी काढून कपाटात ठेवायचा. स्टूल घेऊन चढले, काढला. मागे भिंतीचा स्वच्छ पांढरा चौकोन. तो फोटोपेक्षा मोठ्याने बोलत होता. त्यावर कॅलेंडर लावलं, ते लहान पडलं. आणि कपाटात ठेवायचे तर ह्यांना आडवं ठेवावं लागत होतं.

परत लावला.

मग सुचलं! नुसता हार काढला. काय फरक पडतो! हार काढला की हे खरंच बाहेरगावी गेल्यासारखे दिसतात. रविवारी परत येतील असे.

बराच वेळ समोर बसले होते. तपासून बघायला.

उद्या सकाळी गोजराबाईकडून हार घ्यायचा नाही. संध्याकाळी वेणी मात्र घरी आणून द्यायला सांगितलं आहे. ताजी असावी.

३ फेब्रुवारी, रात्रीचं जेवण केलं नाही, भूक नव्हती

इंदिरा छान आहे. फोटोतल्यापेक्षा जाड आणि फोटोतल्यापेक्षा प्रेमळ. दारातूनच म्हणाली, अगं बाई, तू तर खरी आहेस! मीही तेच म्हणाले. खूप हसलो. तिने लाडू दोन खाल्ले, तिसरा रुमालात बांधून घेतला. म्हणाली, आमच्याकडे सून पाकाचे करते, दात हलतात. भिंतीकडे बघून म्हणाली, हाच तो खांदा! कधी येणार परत? मी म्हटलं, कळवलेलं नाही अजून. ती म्हणाली, सगळे पुरुष मेले सारखेच, कळवत नाहीत.

मी तिला हळदकुंकू लावलं. थोडं तिच्या नाकावर सांडलं, सवय नाही म्हणून. मग तिने करंडा घेतला. म्हणाली, ये इकडे. बोट कुंकवात बुडवलं.

तेवढ्यात बेल.

गोजराबाई वेणी घेऊन आली होती. दुसऱ्या हातात पानात बांधलेला हार. म्हणाली, बाई, सकाळी सायबांच्या फोटूचा हार न्यायचं इसरले तुमी. म्हनलं दोन वर्षांत कधी खाडा नाय झाला, आज कामून? म्हनून आनलाच. तशीच आत आली आणि उघड्या फोटोकडे बघून म्हणाली, लय भुंडा दिसतोय हो.

मग इंदिराकडे पाहिलं, तिच्या हातातल्या करंड्याकडे पाहिलं, आणि हार टीपॉयवर ठेवून गेली. पैसे न घेता.

इंदिराचं बोट अजून तसंच वर होतं. तिने ते रुमालाला पुसलं, लाडू बांधला होता त्यालाच. म्हणाली, अगं, आधी नाही का सांगायचंस. रागाने नाही म्हणाली, उलट फार हळू. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, मिस्टर खाली येऊन थांबले असतील. ते आठ वाजता येणार होते. सव्वासहा झाले होते.

वाणाची फ्रेम सोफ्यावर विसरली. घाईत होतं असं.

एकूण भेट उत्तम झाली. हार फुकट जायला नको म्हणून घातला.

४ फेब्रुवारी

इंदिराला स्क्रॅप केला, फ्रेम विसरलीस, रथसप्तमीला येताना घेऊन येते. पाठवला तर पडद्यावर आलं, 'बॅड, बॅड सर्व्हर. नो डोनट फॉर यू.' ज्ञानेश म्हणतो, त्यांचं मशीन बिघडलं की असं येतं. डोनट म्हणजे आपला मेदूवडा, फक्त गोड.

उगीच बिचारीला वाटेल, मी लिहिलंच नाही.

५ फेब्रुवारी

स्क्रॅप गेला. उत्तर नाही. तिच्याकडे सर्व्हर बिघडला असणार. नाशिकरोडला सगळंच उशिरा दुरुस्त होतं.

७ फेब्रुवारी

थंडी फार. गोजराबाई शेकोटीशी होती. मला बघून उठली. म्हणाली, बाई, माझं तोंडच मेलं फाटकं. मी म्हटलं, अगं छे, पाहुणीला तसंही लवकरच जायचं होतं. तिने पुडीत एक गुलाब जास्तीचा टाकला. म्हणाली, ह्यो फोटूसाठी नाय, तुमच्यासाठी हाय.

गुलाबाचा फोटो काढून टाकायचा राहून गेला. केसात माळला होता.

१० फेब्रुवारी

आज पुन्हा बॅड सर्व्हर. म्हणजे इंदिराचं आमंत्रण यातच कुठेतरी अडकलं आहे. परवापर्यंत सुटेल.

काळी साडी इस्त्रीला दिली.

१३ फेब्रुवारी, रथसप्तमी

आमंत्रण आलं नाही. तरी साडी नेसून बसले होते. सात वाजता काढली, उगीच चुरगळली असती.

इंदिराचा नवा अल्बम सातालाच आला. अख्खी कॉलनी आहे. सून दारात अत्तर लावते आहे, इंदिरा मधोमध, तोंडात लाडू. मी खाली लिहिलं, 'छान! असेच हसत राहा.' या वेळी फोटो मोठा करून, नीट बघून लिहिलं.

मग माझा संक्रांतीचा फोटो काढून टाकला आणि न कापलेला टाकला. बराच रुंद दिसतो. हे अवघडून उभे आहेत, हलव्याचा हार गळ्यात, नारळ हातात. हार शोभतो त्यांना. खाली लिहिलं, 'हा खांदा.' आणखी काय लिहावं ते सुचेना. इंदिराने विसरलेल्या फ्रेमेतही हाच घालणार होते, पण फ्रेम एका माणसापुरतीच आहे.

जेवून येऊन बघितलं. भांडी घासून येऊन बघितलं. प्रोफाइलला कोण कोण येऊन गेलं तेही बघितलं. कोणी नाही. फोटोखाली कोणी काही लिहिलेलं नाही.

लाइट आहे. सर्व्हर व्यवस्थित चालू आहे.