वरचे दात

आवडी, शनिवार संध्याकाळ

चिऊचे वरचे दोन दात आधी आलेत. खालची हिरडी अजून कोरी. सकाळी फोनवर आईने विचारलंच, "खालचेच आले ना गं आधी? वरचे आधी आले तर मामाला वाईट असतं." मी हो म्हणून टाकलं. कशाला तिच्या जिवाला घोर? आणि मी कुठे मानते असलं काही?

हिरड्या शिवशिवतात म्हणून चिऊ माझ्या हातून खातच नाही. फक्त दादाकडून खाते. दादा म्हणजे माझा भाऊ. आवडीहून तासाभरावर इरुंगाट्टुकोट्टै गावात कारखान्यात आहे, राहतो आमच्याकडेच. कामावरून आला की स्टुलावर बसून आधी तिला आपलं बोट चावायला देतो, मग हळूच नाचणीची पेज भरवतो.

आज त्याला उशीर झाला. मीच वाटी घेऊन बसले. चिऊ रिकाम्या स्टुलाकडे बघून हसली, आ केला आणि कचकन चावली. हवेलाच. पुन्हा आ, पुन्हा तेच. मग सगळी पेज गटागटा संपवली. मी खूश! वेडी कुठली.

वाटी विसळत होते, तेवढ्यात दादाचा फोन. "मशीनवर बोटाला लागलंय गं. फार नाही, पट्टी बांधून येतोय."

"कुठलं बोट?"

"चिऊ चावते ना, तेच. गंमत म्हणजे कापलं नाही, शेजारीशेजारी दोन खड्डे पडलेत नुसते."

अजून आला नाहीये. चिऊ झोपलीय, पण तोंड हलतंय तिचं. चघळल्यासारखं.