कानाच्या परीक्षेत मी केलेली कॉपी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हाताला सलाइन असल्यामुळे कागदावरच घालतोय, गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? माझी गाठ हरभऱ्याएवढी उरलीय, त्यामुळे डॉक्टरीणबाई खूश आहेत. केस गेले, पण ते तसेही निरोपच घेत होते. मात्र सलाइनमधून देतात ते औषध गाठीबरोबर कानही मारतं आणि गेलेला कान परत येत नाही, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. म्हणून कान वाचवणाऱ्या एका नव्या औषधाच्या संशोधनात मी नाव नोंदवलं. निम्म्या पेशंटांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. दर महिन्याला कानाची परीक्षा असते.

आता तुला माहीतच आहे, मी जन्मात कुठल्या परीक्षेत नापास झालेलो नाही. (ड्रायव्हिंगची धरू नकोस, तो खांबच चुकीच्या जागी होता.) एका बंद खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण, बारीक ‘टूं’ ऐकू आलं की दाबायचं. पहिल्या महिन्यात पैकीच्या पैकी! दुसऱ्या महिन्यात बसलो, बसलो, टूं काही येईना. म्हटलं, हे डबडं मला नापास करणार? तेवढ्यात काचेपलीकडे टेस्ट घेणाऱ्या मुलीचं कोपर दिसलं. आवाज सोडताना ते किंचित उचललं जायचं. कोपर हललं की मी बटण दाबायचो. असे तीन महिने काढले, ताई! ज्यानं बत्तीस वर्षं पोरांच्या मोज्यांतून, कॉलरमधून आणि एकदा तर प्लास्टरमधून चिठ्ठ्या उपसल्या, तो मी कॉपी करून छाती काढून घरी येत होतो.

परवा त्या मुलीनं कौतुकानं मोबाइलवर लिहून पाठवलं, “सर, हे औषध गुणी ठरलं ना, की पुढे लहान मुलांवरही वापरणार आहेत.” मला औषध मिळत असेल, तर ते कुचकामी असूनही गुणी ठरेल. पाणी मिळत असेल, तर पाण्यावरही कान शाबूत दिसतील आणि चांगलं औषध फुकट बदनाम होईल. दोन्हीकडून गणित चुकलं, आणि चुकवलं कुणी, तर गणिताच्या मास्तरानं. मग कान गेलेलं एखादं पोर शेवटच्या बाकावर बसणार आणि माझ्यासारखाच कुणीतरी त्याला ठोंब्या म्हणणार. फार लाज वाटली.

तेव्हा मंगळवारी मी सगळं कबूल करणार आहे. काचेकडे पाठ करून पुन्हा परीक्षा देणार आणि सणसणीत नापास होणार. माझे खरे मार्क लागलेच पाहिजेत. संशोधनातून काढलं तर काढू देत, मी कुणाच्या बापाला भीत नाही. (आपल्या बापाला भ्यायचो, ते वेगळं.)

तुझा,
अजून शरण न गेलेला धाकटा

ता. क. मंगळवारी तू बरोबर ये. आधारबिधार नकोय मला. कबुली मी देईन, पण बाई त्यावर काय म्हणतील ते मला कळणार नाही. ते तू लिहून दे. शिव्या गाळू नकोस.

ता. क. २. गेल्या रविवारी तू फोनवर तासभर बोललीस आणि मी ‘हो, हो, अगदी बरोबर’ म्हणत राहिलो. मला एक शब्द कळला नव्हता. शेवटी तू हसत होतीस की रडत होतीस, तेवढं तरी कळव.