अकरावं पान

मिरजोळे,
ता. १४ डिसेंबर १९३१

चि. रघुभावजींस सगुणावहिनीचे आशीर्वाद.

तुमचं पत्र मिळालं. इकडे भात झोडून झालं. पाड्याच्या खुराची जखम भरली. कलमांना मोहर लवकर येईलसं दिसतं, पण बांधाजवळच्या कलमाखाली मी अजून जात नाही. चैत्रात तुमच्या दादांना तिथेच कोयत्याने तोडलं. संध्याकाळी माहेराहून परतताना ते मलाच दिसले, मान एका बाजूने सुटली होती. ती मी पदराने बांधली आणि मगच माणसांना हाक मारली. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तुम्ही लिहिता, भागोजीच्या बायकोला आपल्या जागेतून काढा, खुन्याचं घर डोळ्यांसमोर नको. ह्याचं उत्तर लिहायला मला आठ दिवस लागले. आधी पत्त्यांचं लिहिते.

गणपतीत तुम्ही मुंबईहून पत्त्यांचा जोड आणलात आणि मला खेळ शिकवलात. एकवीस पानं, तीन ओळी, ओळीत सात. समोरच्याने मनात एक पान धरायचं आणि फक्त ओळ सांगायची. ती ओळ दोन ओळींच्या मधे घालून गोळा करायची, पुन्हा तिन्ही ओळींत एकेक पान टाकत मांडायची. असं तीनदा. मग वरून अकरावं पान त्याच्या मनातलं. तुम्ही गेल्यावर मी भागोजीच्या चिमाबरोबर खेळत असे. ती डोळे मोठे करून म्हणायची, "अगो वैनी, माझ्या डोक्यात शिरतेस तरी कुठून गो? भाकरी करपली ती पण दिसली काय तुला?" चैत्रानंतर मी पहिल्यांदा हसले ते तिच्यामुळे. वीसेक वेळा खेळलो असू. एकदाही चुकलं नाही.

दसऱ्याला तुम्ही पुन्हा आलात. देवळात आप्पा गुरवाने खुनाबद्दल कौल लावला. देवीच्या अंगावरची फुलं तशीच राहिली, उजवं पडेना की डावं. तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "देवी वहिनीच्या पानांतून बोलेल. ज्याच्या हाताला दादाचं रक्त आहे त्याचंच पान निघेल. निर्दोषाचं निघणार नाही. पहिला मीच बसतो."

भावजी, तेव्हा मला ठाऊक होतं की चिमाचंही पान निघतं आणि चिमाने कुणाला मारलेलं नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. सहा महिने मला एक माणूस हवा होता, कुठलाही, ज्याच्याकडे बघून मला रडता येईल.

मी तुमच्यासाठी पानं मांडली. अकरावं उलटलं, किलवरचा गुलाम. तुम्ही म्हणालात, "नाही वहिनी. हे माझं नाही."

कधी न चुकणारं पान चुकलं, म्हणजे खेळ संपला आणि देवी पानांत आली, असं मला वाटलं. शपथेवर सांगते, वाटलं.

मग तुम्ही भागोजीला पुढे ढकललंत. त्या दिवशी बागेत राखणीला तोच होता म्हणून. त्याला पानांची नावंसुद्धा येत नव्हती. अकरावं उलटलं, बदामची सत्ती. त्याने वाकून बघितलं, ठिपके मोजले आणि देवीकडे तोंड करून म्हणाला, "होय वैनी. हाच माझा." त्याला नुसतं नाही म्हणायचं होतं. देवीसमोर तो खोटं बोलला नाही.

पहिला घाव तुमचा. नारळ फोडायचा दगड, थेट तोंडावर. दात पायरीवर सांडले. मग वाडीतले सगळे तुटून पडले. हात पायरीवर धरून बोटं ठेचली, बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला, पानं मांडीवर घेऊन ऐकला. चिमा मधे पडली तर तिला केसांनी ओढलं. हवालदार आला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, माडावरून पडला. मीही तेच सांगितलं.

चार दिवस तो जगला. जबडा तुटलेला, बोलता येईना. तुम्ही आगबोटीने मुंबईस निघून गेल्यावर मी पेज घेऊन गेले. चिमाने मला शिव्या दिल्या, पण आत घेतलं. मी त्याच्या मनगटाला हात लावला, होय असेल तर डोळे मिट म्हटलं, आणि तुम्हीच शिकवलेल्या रीतीने, एकेक ओळ विचारावी तसं विचारलं. त्या दिवशी बागेत कोण होतं? वरच्या वाडीतलं? डोळे उघडेच. खालच्या वाडीतलं? उघडेच. आमच्या घरातलं? त्याने डोळे मिटले. आमच्या घरात आता दोनच माणसं उरली आहेत भावजी, आणि मी त्या दिवशी माहेरी होते.

तरी मी विश्वास ठेवला नाही. दुखण्यात माणूस काहीही सांगतो, असं म्हणून घरी आले. तो गेल्यावर एकवीस काजूच्या बिया घेतल्या, प्रत्येकीवर कोळशाने खूण केली आणि जमिनीवर मांडत बसले. मी पुडीच्या कागदांवरून वाचायला शिकलेली बाई, समजल्याशिवाय सोडत नाही. एकेक बी धरून एकवीस वेळा मांडलं. कुठलीही बी धरा, दुसऱ्या खेपेला ती मधल्या तीन जागांत येते आणि तिसऱ्या खेपेला बरोबर मधोमध. देवी लागत नाही. माझे हातही लागत नाहीत. ओळ खरी सांगितली की पान चुकूच शकत नाही.

मग तुमचं कसं चुकलं? एक तर ओळ खोटी, नाहीतर ते 'नाही' खोटं. चैत्रात तुम्ही गावी होतात तेव्हा बागेच्या वाटणीवरून तुम्ही दोघे भांडलात ते मी भाऊभाऊ म्हणून सोडून दिलं होतं. भागोजीने तुम्हाला पाहिलं होतं आणि घरचा माणूस म्हणून तो गप्प राहिला होता. म्हणून दगड तोंडावर.

चिमा कुठेही जाणार नाही. हे लिहिते आहे तेव्हा ती शेजारी बसली आहे. ती माझ्याशी नीट बोलत नाही, बोलूही नये. उद्या आम्ही दोघी रत्नागिरीस जाऊन कचेरीत सगळं लिहून देणार आहोत. माडाची साक्ष खोटी दिली, आणि पानं मीच मांडली, हेही. मला जी शिक्षा होईल ती होवो. आप्पा गुरवही येतो म्हणाला आहे. तुम्ही पळालात तरी चालेल, माझं लिहून झालेलं असेल.

सोबत किलवरचा गुलाम पाठवते. एकटे असाल तेव्हा त्याच्याकडे बघा आणि एकदा होय म्हणा.

वर सवयीने आशीर्वाद लिहिला गेला, तो धरू नका. लग्न झाल्यापासून मी ह्यांचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नाही. आज शाईने लिहिते.

महिपत यांची बायको,
सगुणा