राघूचं मरण

१४ ऑगस्ट, संध्याकाळ

तालमीवरून आलो तरी डफ हातातून सोडवत नाही.

उद्या झेंडावंदनानंतर सोसायटीत मी राघूचा पोवाडा म्हणणार. गोऱ्या साहेबाचं मीठ लुटून गरिबांना वाटणारा आमच्या गोडदेव गावचा राघू. पण सेक्रेटरी सावंत सकाळपासून अडून बसलेले. "काका, शेवटी त्याला फाशी द्या. हुतात्मा झाला की टाळ्या पडतात."

आमच्या शाहिरांच्या घरात राघूचं मरण गात नाहीत. साहेबाच्या शिपायांना चुकवून त्याने खाडीत उडी घेतली की वडील डफ खाली ठेवायचे. पण सावंतांनी कार्यक्रमातून माझं नावच काढून टाकलं तर? या वयात पुन्हा कोण बोलावणार मला? दिवसभर तीच धाकधूक.

तालमीत उडीपर्यंत गायलो. पुढे फाशी काही तोंडातून निघेना. नुसताच डफ वाजवत राहिलो. सावंतांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात तळमजल्याचे पटेलभाई खुर्चीतून उठलेच, "अरे काका, फिर? पकड़ा गया क्या?"

म्हटलं, "कहाँ! साहेब लोग अभी तक ढूंढ रहे हैं."

काय शिट्ट्या पडल्या! बायकासुद्धा ओरडल्या. निघताना सावंत जवळ आले, हळूच म्हणाले, "काका, उद्याही सापडू देऊ नका हं त्याला."