मागची एक सीट

२८ सप्टेंबर, रविवार

मोठी गाडी घ्यायची ठरलं! आप्पा जेवताना बोलले आन् दादानं हात न धुताच मोबाइलवर गाड्या बघाय सुरुवात केली.

वहिनीला परत दिवस गेलेत. विश्वजीत पाच वर्साचा, जुळ्या पोरी दीड वर्साच्या, आन् एप्रिलात अजून एक. जुनी गाडी पाच माणसांची. दादा म्हनला, "आता काय पोरं टपावर बांधून न्यायची का?" वहिनी हसली. मी बी हसले. तर माझ्याकडं बघून म्हनतो, "ही कशाला हसती? हिलाच बांधायचीय टपावर."

माझं हे असं. हसलं तरी चुकतंय.

२९ सप्टेंबर

दोघी जुळ्यांना एकदम जुलाब. लिहाय टाईम न्हाई.

१ ऑक्टोबर

संध्याकाळी आप्पांनी मला अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडाय लावल्या. गाडीत जश्या सीटा, तश्या. पुढं दोन, मधी दोन, मागं दोन. सहा सीटांची गाडी अशी असती म्हनं. मधल्या दोन सुट्या, हात टेकवाय दांड्या. साहेबासारखं बसायचं. विश्वजीत पुढं बसून पोळपाट फिरवाय लागला. भुर्र भुर्र.

मग समद्यांना बसवलं. पुढं दादा आन् आप्पा. मधी आई आन् वहिनी, मांडीवर एकएक जुळी. मागं विश्वजीत. त्याच्या शेजारी एक खुर्ची. आन् उभ्या राहिल्या दोघी — मी आन् शेवंताआत्या.

आत्या म्हंजी आप्पांची थोरली बहीण. सोळाव्या वर्सी लगीन झालं, नदीपलीकडं दौंडच्या बाजूला दिलती. दोन वर्सात नवऱ्यानं आणून सोडली. तवापासनं आमच्यातच. गुरं तीच बघती. तोंडानं लय फटकळ. आप्पांना बी घाबरत न्हाई.

ती गपकन बसली त्या खुर्चीवर! मी उभीच.

"आन् अनी?" आई म्हनली. तेवढं तरी म्हनली.

मी अजून एक खुर्ची आणून मधल्या रांगेत घातली. सात सीटांची बी गाडी येती, मी दादाच्या मोबाइलवर बघितली व्हती. ते सांगायचं व्हतं. तोंडातनं नुसतं "सात" आलं.

बाळासोमामा आलते. आप्पांचे दोस्त, रोज चहाला असत्यात. त्यांनी माझी खुर्ची एका हातानं उचलली आन् भिंतीला लावली. "पोपटराव, पोरगी काय जन्मभर तुमच्या गाडीत बसणाराय व्हय? एप्रिलात बाळ यील तवर हिची पाठवणी झालेली असंल. सहाच घ्या. मधल्या सीटवर बसून गावात शिरलात तर चेअरमन वाटाल, चेअरमन!"

समदे हसले. आप्पांना सोसायटीच्या इलेक्शनला उभं राहायचंय, त्यांना लय आवडलं.

खुर्च्या मीच उचलून आत ठिवल्या.

३ ऑक्टोबर

आई म्हनली, इनोव्हा आठ सीटांची बी मिळती म्हनं, तीच घ्या की. दादा म्हनला, "का? ट्रॅव्हलला लावायचीय का?" संपलं. सहाचीच. काळी.

पाडव्याला गाडी दारात. आन् नंतरच्या रविवारी जेजुरी. नवी गाडी पयली खंडोबाला न्यायची, आमच्यात तसंच हाय.

म्हंजी मागं एक सीट. आत्या नायतर मी.

मला जायचंय! दहावीत शाळा सोडली तवापासनं मी कुठंच गेले न्हाई. शाळेत धडा वाचाय उभं केलं की तोंडच उघडायचं न्हाई माझं. पोरं "मुकी मुकी" करायची. जुळ्या झाल्या तवा आप्पा म्हनले, राहू दे घरी, वहिनीला मदत हुईल. मला वाटलं सुटले! आता दीड वर्स दुसऱ्याच्या पोरींची ढुंगणं धुती.

एकदा त्या सीटवर बसून काचंतनं बघायचंय. मांडवगणच्या चौकातल्या लोकांनी बी मला बघायचं. ही पोपटरावची पोरगी. ही बी मोजलेली हाय.

आत्यानं काय करायचंय जेजुरीला जाऊन? बावन्न वर्साची हाय. अंगाला शेणाचा वास.

५ ऑक्टोबर

गोठ्यात आत्या आन् आप्पांचं भांडण. मी वैरण घेऊन गेले तर दोघं गप झाले. पन शेवटचं ऐकलं मी. आत्या म्हनत व्हती, "काय बी झालं तरी मी गाडीत बसणार, पोपट. तू मला घरी ठिवून दाखव."

बघा! एका सीटसाठी सख्ख्या भावावर वरडती. आन् माझ्याकडं बघून कसं तोंड फिरवलं.

माझ्यासाठी कोण भांडतंय? कोण न्हाई.

६ ऑक्टोबर

गाय व्याली. कालवड झाली. आत्या रात्रभर जागी, सकाळी तशीच चुलीपाशी बसून चहा पीत व्हती. जेजुरीचं इचारलं तर म्हनली, "तुला न्हाई कळायचं आत्ता."

कळतंय की. समदं कळतंय.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज जे केलं ते लिहिती.

शोरूमचा पोरगा गाडी घेऊन घरी आला, चालवून बघायला. सुमित त्याचं नाव. इस्त्रीचा शर्ट, सारखं "काका, काका". निमोण्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं. वहिनी पोरांना घेऊन घरी थांबली. दादा चालवणार, शेजारी सुमित, मधी आप्पा आन् आई, मागं आत्या आन् मी. आत्या म्हनली मला बी बसून बघायचंय, मला सवय झाली पायजे.

आत्याला गाडी लागती. पयल्यापासनं. म्हनून सकाळपासनं तिनं पाण्याशिवाय काय घेतलं न्हाई. कमरंला लिंबू खोवलेलं.

मी खरवस केला. व्यालेल्या गायीचा चीक, गूळ जरा जास्त, वेलची. आन् वाटी भरून तिच्याकडं नेली.

"जाताना नको गं."

"आत्या, तुझ्या हातानं व्यालेली गाय. पयला खरवस तूच न्हाई खाल्ला तर आटल की ती."

एवढं लांब वाक्य मी कुणाशी कवा बोलले न्हाई. आमच्यात पयला खरवस धार काढणाऱ्यानं खायचा असतो, त्यामुळं तिला न्हाई म्हनता आलं न्हाई. खाल्ला. मी अजून एक वाटी दिली. तिनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवला. "गोड झालाय."

गाडीत मी तिच्या बाजूची हवेची जाळी बंद केली. काच उघडत न्हवती मागची. न्हावऱ्याच्या पुढं रस्ता खराब, दादा तसाच पळवत व्हता, सुमितला दाखवायला. आत्याचं तोंड आधी पिवळं झालं, मग पांढरं. लिंबू हुंगाय लागली. तिनं माझा हात धरला, "अने, थांबवाय सांग."

मी सांगितलं न्हाई. मी मुकी हाय ना!

समदं बाहीर आलं. सीटवर, खाली, आईच्या सीटच्या पाठीवर. आई वरडली. आप्पांनी मागं बघितलंच न्हाई, नुसती मान लाल झाली. सुमित म्हनला, "काही न्हाई काका, होतं असं," आन् नाकाला रुमाल लावला.

दादानं गाडी निमोण्याच्या फाट्यावर थांबवली. "उतर. असल्या घाणीत मी घरापर्यंत नेणार न्हाई. एस्टीनं ये."

आत्या उतरली. पुढचं सगळं लुगडं भरलेलं. टपरीवर चार माणसं व्हती, ती बघत व्हती. एकजण म्हनला, "काय मावशी, गाडी पचली न्हाई व्हय?" आन् हसले. आम्ही वळून निघालो. मी मागच्या काचंतनं बघत राहिले. ती पदरानं तोंड पुसत उभी, लहान लहान झाली.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

सीट मीच धुतली, सुमितसंगं. तो म्हनला, "तुम्ही लय साधं बोलता." मी एक शब्द बी बोलले न्हवते.

९ ऑक्टोबर

आप्पा: "आक्का घरीच. मागची सीट अनीची."

माझी! माझी!

१२ ऑक्टोबर

आत्या सकाळपासनं माझ्या मागं. मोरीत आली, परड्यात आली. "अने, जरा बस. एक बोलायचंय." मला वाटलं खरवसाचं इचारणार. तिला कळलं असंल. मी घागर घेऊन पळाले.

दुपारी परत. मी जुळीला चिमटा काढला, ती रडली, मग तिला घेऊन भाईर गेले.

१५ ऑक्टोबर

आत्याला आता समदे "निमोणे फाटा" म्हनत्यात. दादानं सुरू केलं. विश्वजीत बी म्हनतो. "ए निमोणे फाटा, चहा दे." आत्या चहा देती.

मी बी हसले आज. ह्या वेळी कोण मला काय म्हनलं न्हाई. दुसऱ्यावर हसलं की चालतं तर.

२२ ऑक्टोबर, पाडवा

आली!! काळी कुळकुळीत. चारी चाकाखाली लिंबं, हार, नारळ. आईनं ओवाळलं. मागच्या काचंवर दादानं नावं टाकून आणली — विश्वजीत, आन् जुळ्यांची दोन्ही. एप्रिलच्या बाळासाठी खाली जागा सोडलीय.

माझं नाव न्हाई. असू दे. मी तर आत बसणाराय.

आत्या गोठ्याच्या दारातनं बघत व्हती. जवळ आली न्हाई. कुणी बोलवलं बी न्हाई.

२५ ऑक्टोबर

वहिनीनं तिची मोरपंखी साडी मला दिली! उद्या नेसायला. म्हनली, "देवाला जायचंय, पंजाबी ड्रेस नको." कानातलं बी दिलं. वहिनीनं मला आजपर्यंत जुनी पिन बी दिली न्हवती.

आत्या आलती झोपायच्या आधी. माझ्यापाशी बसली आन् हळू म्हनली, "उद्या पोटात दुखतंय म्हन. जाऊ नकोस."

मी म्हनले, "तू जळती."

तिनं माझ्याकडं बघितलं. "पोपटनं मला शपथ घातलीय गं. न्हाई तर सांगितलं असतं." मग उठून गेली. काय न्हाई, नाटकं. सीट मिळंना म्हनून.

२६ ऑक्टोबर, रविवार

मी बसले. मागं, विश्वजीतच्या शेजारी. मांडवगणच्या चौकातनं गेलो तवा लोकांनी बघितलं. नदीच्या पुलावरनं पलीकडं, केडगाव, चौफुला, सुपा, मोरगाव. काचंतनं समदं थंडगार दिसतंय. जेजुरीला भंडारा उधळला, साडी पिवळी झाली, वहिनी काय म्हनली न्हाई. मला वाटलं हा माझा सगळ्यात चांगला दिवस.

येताना केडगावच्या पुढं दादानं गाडी आतल्या रस्त्याला घातली. एका वस्तीवर थांबली. दारात बाळासोमामा उभे! त्यांच्या बहिणीचं घर. "या या, पाव्हणं."

आत पंधरा-वीस माणसं. सतरंजी. पोह्यांच्या बश्या आधीच भरलेल्या. वहिनीनं माझ्या डोक्यावर पदर ओढला आन् मला मधी पाटावर बसवलं. तवा मला कळलं.

नाव इचारलं. माझं तोंड उघडंना. म्हातारी म्हनली, "मुकी हाय का काय?" बाळासोमामा म्हनले, "बोलती कमी. सुनंनं कमी बोललेलं बरंच की, आजी!" समदे हसले. चालाय लावलं. केस बघितले. आप्पा म्हनत व्हते, जानेवारीत अठरा पुरी हुत्यात, लगेच फेब्रुवारीत उरकू, आमच्या सुनंच्या बाळंतपणाच्या आत.

पोरगा नवनाथ, बाळासोमामांचा भाचा. रांजणगावला कंपनीत हाय. त्यानंच एकट्यानं इचारलं, "तुम्हाला पसंत हाय का?"

मी आईकडं बघितलं. आई पोहे खात व्हती. माझी मान खाली गेली. ती त्यांनी व्हय धरली.

परत येताना समदे खूश. दादा म्हनला, "बघा, सीटा बरोबर बसल्या. एक गेली, एक येतंय."

२९ ऑक्टोबर

आज सुपारी फुटली. आप्पा, दादा, बाळासोमामा नव्या गाडीनं गेले.

आईनं भाकरी थापता थापता सांगितलं. आत्या महिनाभर भांडत व्हती म्हनं, अनीसंगं मला बी गाडीत घ्या, विश्वजीतला मांडीवर घेती. तिथं पाव्हण्यांच्या तोंडावर सांगणार व्हती, माझ्यागत हिची माती करायची न्हाई, पोरीला इतक्यात द्यायची न्हाई. "एवढ्या माणसात तिनं तोंड उघडलं असतं तर मोडलंच असतं गं," आई म्हनली. "खंडोबाच पावला. नेमकी तिला गाडी लागली."

मागची सीट आज मोकळीच गेली.