खोटे मासे आणि बेंदराचा रंग

श्री बिरोबा प्रसन्न

मु. पो. वाडी, ता. आटपाडी
१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

जिवलग दोस्त लालासाहेबास आप्पासोचा कडक रामराम.

कोरेगावात समदी खुशाल असतील. वैनींचं गुडघं कसं हायत? ऊस तोडणीला आला असंल. हिकडं ह्या साली पाऊस लय झाला. माणदेशात कवा न्हाई ती मेंढरांच्या खुरांत चिखल्या झाल्यात. तुझी वैनी हरणाबाई बरी हाय. पोराचा, इंद्रजितचा, आसामातनं फोन असतो, रेंज मिळाली तर.

आता तू म्हणशील, ह्यो बाबा परवाच तर फोनवर बोलला, मग कागद कशाला काळं करतोय? गड्या, फोनवर तू "बोल आप्पा" म्हणलास की माझी बोबडीच वळती. मेंढरांचं सांगतो न् ठेवून देतो. लिहिताना निदान तू मधी तोंड घालणार न्हाईस.

तुझी पेटी हिकडं सुखरूप हाय. म्हंजे, पेटी सुखरूप हाय.

कोरेगावच्या ओलीनं लाकूड फुगतंय, गळ गंजत्यात, म्हणून तू ती माझ्या कोरड्या मुलखात आणून ठेवलीस. ते बरोबर केलंस. आतला माल एकदा बघून सांग म्हणालास, तर बघितला. पण खरं सांगू का, पलटणीत तुझ्या शेजारच्या खाटंवर इतकी वर्सं काढली तरी तुझं ह्ये खूळ माझ्या टाळक्यात कवा शिरलं न्हाई. मासं धरायला खोटं मासं, न् त्येनी धरायचं पण न्हाईत, नुसतं कापसात गुंडाळून ठेवायचं! जवान सुट्टीत ट्रान्झिस्टर घ्यायचं, तू कुठल्या म्हाताऱ्या कर्नलच्या पाया पडून गंजका गळ आणायचास.

तू शिकवलेलं आठवाय बसलो तर समदा गोंधळच. पितळी चमचा आठवतोय. कुणी एक गोरा नावंत बसून जेवत हुता, हातातला चमचा पाण्यात पडला, न् बुडता बुडता माशानं त्येच्यावर झडप घातली. मग लोक चमच्याची दांडी तोडून त्येला गळ लावाय लागलं. ही गोष्ट खरी का तुझी थाप, मला अजून ठावं न्हाई. मग पाण्यात गरागरा फिरणारी फिरकी. मग पिसं न् रेशीम गुंडाळून केलेली माशी. का माशी सगळ्यांच्या आधीची? मग अमेरिकेतलं लाकडी मासं, काचेच्या डोळ्यांचं, पोटाखाली गळांचं झुपकं. न् शेवटी प्लास्टिक आलं, त्येला तू हात लावाय तयार न्हाईस.

सगळ्यात मोठा घोटाळा म्हंजे मोलाचा. तू म्हणायचास, "आप्पा, मूळचा रंग पायजे. तडकलेला चालंल, पोपडं सुटलेलं चालंल, माशाच्या दातांचं वरबाडं असलं तर लयच भारी. पितळावरचा काळा थर पण पुसायचा न्हाई. एकदा घासलं न् वर नवा रंग मारला की त्येचं खेळणं झालं." मी व्हय व्हय म्हणायचो. पण माझ्या घरात ज्येला मान द्यायचा त्येला आधी घासून लख्ख करत्यात. मग खरं कुणाचं, रं?

पाचगणीच्या जुन्या जिनसांच्या प्रदर्शनात तुला येगळं टेबल मिळणार, पाटीवर तुझं नाव असणार, हे तू सांगितलंस तवा तुझा आवाज पोरावानी झाला हुता. तुझी पोरं "म्हातारं भंगार गोळा करतंय" म्हणून हसत्यात, त्येंना पण तू गाडीत घालून नेणार हुतास. ते ऐकून मला आनंद झाला, न् फोन ठेवल्यावर मी हा कागद काढला.

माझी सून सोनम तुला ठावं हाय. उन्हाळ्यात तिचं मूल गेलं हे तुला कळवलं हुतं. बारशाच्या आधीच गेलं. कसं गेलं ते तवा कळवलं न्हाई न् आता पण लिहीत न्हाई. तवापासनं पोरगी बोलायची बंद झाली. इंद्रजित रजेवर आला न् गेला, त्येच्याशी पण बोलली न्हाई. हरणाबाई तिची येणी घालायची, म्होरं बसून घास भरवायची.

खंडेनवमीला मी पूजेसाठी अंगणात कातर, कोयता, कुऱ्हाड, खुरपी काढून ठेवली न् पाणी आणाय विहिरीवर गेलो. परत येतो तर सोनम अंगणात बसलीय. समदी हत्यारं धुऊन घोंगड्यावर मांडलीत, न् तुझी पेटी पुढ्यात उघडलीय. एवढं लोखंड, एवढं गळ. तिला वाटलं असंल, आबांच्या, म्हंजे माझ्या, फौजेतल्या दोस्ताचा जिन्नस, त्येची पूजा का चुकवायची? चिंच न् राख घेऊन तुझं चमचं घासत हुती.

मी वरडणार हुतो. तोंड उघडलं पण हुतं. तेवढ्यात ती म्हणाली, "आवं आबा, ह्या मासोळ्यांचा रंग उडालाय. लावू का?"

लाला, मूल गेल्यापासनं तिच्या तोंडातनं निघालेलं हे पयलं बोलणं.

मी माळ्यावर चढलो. बेंदराला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग हुता, तांबडा न् हिरवा, तो काढून तिच्या हातात दिला. ब्रश न्हवता तर माझा दाढीचा दिला. मला समदं कळत हुतं. चुकून झालं, बाईमाणसाच्या अडाणीपणानं झालं, असं लिहून सुटता आलं असतं. पण तसं झालं न्हाई.

तिनं एकेक मासोळी मांडीवर घेऊन रंगवली. काचेच्या डोळ्यांना लागलेला रंग पदरानं पुसला. मग आतनं काजळाची डबी आणली न् एकेकीच्या कपाळाला तीट लावली. हरणाबाई चुलीम्होरनं उठून गोठ्याकडं गेली. मला कुठं जावं तेच कळंना, म्हणून तिथंच उभा राहिलो.

आता पोरगी जेवती. मेंढरांमागं येती, कोकराला शिव्या पण घालती. पेटी कुणाला उचलू देत न्हाई. "लालाकाका आलं की मीच देणार," म्हणती.

मी काय करू, सांग की! तुझं वाटोळं केलं का तिचं भलं केलं? दोन्ही एकाच दिवशी, एकाच ब्रशानं झालं, तर त्येला म्हणायचं काय? तिला खरं सांगावं म्हणून दोनदा बोलाय गेलो, न् "चहा टाक" म्हणून परत आलो. तुझी माफी मागावी म्हणलं तर ती पण जमंना, कारण तीच येळ परत आली तर मी परत माळ्यावर चढणार. राग येऊ दे. मला शिव्या दे, आटपाडीच्या बाजारात चारचौघांत माझी टोपी उडव. मी एक शब्द बोलणार न्हाई.

पण दिवाळीआधी पेटी न्यायला येशील तवा सोनम ती आणून तुझ्याम्होरं उघडंल न् तुझ्या तोंडाकडं बघंल. मी लय इचार केला, ह्याच्याम्होरं माझं डोस्कं चालंना. त्या घडीला काय करायचं ते तुझ्या हातात हाय. तुला हसणं जमणार नसंल तर येऊ नकोस, लाला. जमणार असंल तर लौकर ये.

तुझा दोस्त असं लिहायला हात धजत न्हाई, म्हणून खाली नुसतं नाव लिहितो.

आप्पासो